रहीमी जहाजाचे चार आकडे : हजच्या जुन्या जहाजाचं लाकडी मॉडेल अचूक कसं बनवावं?

गंगापूर तालुक्याला समुद्र नाही. दक्षिणेला गोदावरी, कायगाव टोक्याजवळ प्रवरेचा संगम आणि पुढे जायकवाडीचं पाणी, एवढंच आपलं पाण्याशी नातं. मुंबईचा किनारा इथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तरीही शिडाचं जहाज ही आपल्याला परकी वस्तू नाही. विमान आणि आगबोट येण्यापूर्वी दख्खनमधून जो कोणी हजला निघायचा, तो आधी खुश्कीने किनारा गाठायचा आणि मग शिडाच्या जहाजाने लाल समुद्राकडे जायचा. या प्रवासामुळेच सुरत बंदराला 'मक्केचा दरवाजा' म्हटलं जायचं.

आज घरातल्या मुलांना शिडाचं जहाज काढायला सांगा. बहुतेक मुलं सिनेमातलं, व्हिडिओ गेममधलं जहाज काढतील : काळा झेंडा, त्यावर कवटी, बाजूला तोफा. म्हणजे ज्या जहाजांनी हाजी लुटले, त्यांचं चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं आहे. ज्या जहाजांतून हाजी गेले, ती कशी दिसत होती याची कल्पना मुलांना नाही, आणि मोठ्यांनाही नाही.

ही उणीव भरून काढायचा एक चांगला मार्ग म्हणजे त्या जहाजाचं लाकडी मॉडेल घरी बनवणं. सुट्टीत वडील-मुलांनी, आजोबा-नातवंडांनी मिळून करण्यासारखं हे काम आहे. पण ते करायचं तर नीट करायला हवं. 'नीट' म्हणजे काय, पुरावा कुठून आणायचा आणि पुरावा संपला की काय करायचं, हे या लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत.

शो-पीस वेगळा, मॉडेल वेगळं

बाजारात लाकडी जहाजं मिळतात. चकचकीत पॉलिश, पांढरी शिडं, खाली 'होम डेकोर'ची चिठ्ठी. ती दिवाणखान्यात छान दिसतात, पण ती कोणत्याही खऱ्या जहाजाची नसतात. ज्याला ऐतिहासिक मॉडेल म्हणतात त्याची अट एकच : प्रत्येक भागाला विचारता आलं पाहिजे, 'तू इथे कशाच्या आधारावर आहेस?' डोलकाठी एवढीच उंच का, फळी एवढीच रुंद का, तोफेसाठी भोक इथेच का, या प्रत्येक प्रश्नाला उत्तर हवं.

युरोपातल्या मोठ्या लढाऊ जहाजांच्या बाबतीत हे उत्तर मिळवणं तुलनेनं सोपं आहे. तिथल्या नौदलांनी जहाजांचे आराखडे कागदावर काढून जपून ठेवले. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश फ्रिगेट १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधली गेली. बांधणारे होते पारशी जहाजबांधणी कारागीर जमशेटजी बोमनजी वाडिया. हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. त्याचं मॉडेल बनवणाऱ्याकडे आराखडे आहेत, फोटो आहेत आणि शंका आलीच तर प्रत्यक्ष जहाज आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे कारागीर मात्र बहुतेक वेळा कागदावर आराखडा काढत नसत. माप उस्तादाच्या डोक्यात आणि हातात. केरळमध्ये बेपूरला 'उरू' नावाची मोठी लाकडी जहाजं पिढ्यान् पिढ्या अशीच बांधली गेली. ही कला थोर आहे, यात वाद नाही. पण तिचा एक तोटा आहे : उस्ताद गेला, जहाज मोडलं, की मागे कागद उरत नाही.

एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या हे फार लवकर लक्षात आलं. एदमाँ पारीस त्याचं नाव. जगभर फिरताना त्याने युरोपबाहेरच्या लोकांच्या होड्या आणि जहाजं मोजून त्यांचे आराखडे काढले, आणि १८४० च्या दशकात ते छापले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या नौकाही त्यात आहेत. पुढे पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने या आराखड्यांवरून मॉडेलं करून घेतली. त्यातल्या अनेक नौका आज समुद्रावर कुठेच दिसत नाहीत. त्या उरल्या आहेत फक्त त्या मॉडेलांत. लाकडाचं छोटं मॉडेल खेळणं नसून नोंदवही असू शकतं, ते असं.

कोणतं जहाज निवडावं?

हजच्या जहाजाचं नाव काढलं की इतिहास वाचणाऱ्याला आधी आठवतं 'गंज-ए-सवाई'. औरंगजेब बादशहाचं हे मोठं जहाज सप्टेंबर १६९५ मध्ये लाल समुद्राकडून सुरतेला परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. जहाजावर परतणारे हाजी होते, बायका होत्या. त्यांच्यावर झालेल्या अत्याचारांची हकीकत त्या काळचा इतिहासकार खाफी खान याने लिहून ठेवली आहे. जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या, असंही तो सांगतो. चाच्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरण हमखास येतं, आणि बहुतेक वेळा त्याचा नायक एव्हरी असतो.

भावनेच्या भरात कोणीही म्हणेल, याच जहाजाचं मॉडेल करू. पण मॉडेल करणाऱ्याने आधी विचारायला हवं : माप आहे का? तोफांचा आकडा आहे, लुटीचे आकडे आहेत. पण लांबी किती, रुंदी किती, डोलकाठी किती, हे खाफी खान सांगत नाही. त्याचा तो विषयच नव्हता. अशा जहाजाचं मॉडेल केलं तर बहुतेक सगळं आपल्या मनाचं होईल.

म्हणून आम्ही दुसरं नाव सुचवतो : 'रहीमी'. हे जहाज 'गंज-ए-सवाई'च्या आधीचं, त्याच शतकाच्या आरंभातलं. मालकीण होत्या मरियम-उझ्-झमानी, म्हणजे अकबर बादशहाच्या बेगम आणि जहांगीरच्या आई. त्या स्वतः मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचं हे जहाज सुरतेहून लाल समुद्राच्या बंदरांना माल आणि हजयात्रेकरू नेत-आणत असे. १६१३ साली पोर्तुगिजांनी स्वतःच दिलेला परवाना हातात असतानाही त्यांनी ते सुरतेजवळ पकडलं. जहांगीरने याचा जबाब म्हणून पोर्तुगिजांच्या दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला. एका बाईच्या मालकीच्या जहाजावरून दोन सत्ता समोरासमोर आल्या, यावरून त्या जहाजाचं वजन कळतं.

आणि या 'रहीमी'ची मापं लिहिलेली आहेत.

ज्यांनी अडवलं, त्यांनीच मोजलं

ही मापं आपल्याकडच्या कोणी लिहिली नाहीत. १६१२ साली सर हेन्री मिडलटन हा ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान लाल समुद्रात हिंदुस्थानी जहाजं अडवून बसला होता. सुरतेत मनासारखा व्यापार करू दिला नाही, म्हणून त्याने वाटेतच जहाजं रोखून जबरदस्तीने मालाची अदलाबदल केली. रोखलेल्या जहाजांत 'रहीमी' होतं. त्याच वेळी जॉन सॅरिस हा दुसरा इंग्रज कप्तान तिथे आला, आणि त्याच्या वृत्तांतात या जहाजाची मापं नोंदली गेली. हा वृत्तांत पुढे १६२५ साली लंडनला छापला गेला.

चार आकडे असे. लांबी १५३ फूट. मागच्या खांबाचा उतार १७ फूट, म्हणजे जहाजाची मागची बाजू सरळ उभी नसून बाहेर झुकलेली. रुंदी, वरच्या कडेपाशी, ४२ फूट. खोली ३१ फूट.

सॅरिसच्याच नोंदीत 'महुमदी' असं नाव लिहिलेल्या दुसऱ्या एका हिंदुस्थानी जहाजाचीही मापं आहेत. ते थोडं लहान : लांबी १३६ फूट, रुंदी ४१ फूट. पण त्याची दोन जास्तीची मापं मिळतात. मुख्य डोलकाठी १०८ फूट, आणि शीड ज्याला बांधतात ते लांब लाकूड १३२ फूट.

या आकड्यांचा अर्थ लावून बघा. ट्रिंकोमालीच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आणि जहाजाची रुंदी सुमारे ४० फूट. म्हणजे तिच्या दोनशे वर्षं आधी, सुरतेहून हाजी नेणारं एका बेगमचं जहाज जवळपास तेवढ्याच लांबी-रुंदीचं होतं. आपली जुनी जहाजं म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या छोट्या होड्या, हा जो समज आहे, तो या एका नोंदीने मोडतो. त्यासाठी अभिमानाची भाषणं लागत नाहीत, फूटपट्टी पुरते.

आकड्यांवरून आकार

आता हे घरात कसं मावणार? इथे प्रमाण, म्हणजे स्केल, ठरवावं लागतं. नकाशात जसं एक सेंटिमीटर म्हणजे इतके किलोमीटर असं असतं, तसंच. मोठ्या जहाजांसाठी १:९६ हे प्रचलित प्रमाण आहे. खऱ्या जहाजाचे ९६ इंच म्हणजे मॉडेलचा एक इंच. फुटांत सांगायचं तर आठ फुटांचा एक इंच. हिशोब तोंडी करता येतो, म्हणून मुलांसाठी हे प्रमाण चांगलं.

१:९६ ला 'रहीमी'ची लांबी साधारण ४८.६ सेंटिमीटर येते, रुंदी १३.३, खोली ९.८ आणि मागचा उतार ५.४ सेंटिमीटर. म्हणजे कपाटावर सहज मावेल असं मॉडेल. साडेपाच फुटांचा माणूस या मॉडेलवर जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. पुठ्ठ्याचा एवढा माणूस कापून कामाच्या टेबलावर उभा करून ठेवा. दरवाजा, शिडी, कठडा, काहीही बनवताना तो शेजारी धरला की चूक लगेच दिसते.

लांबीला रुंदीने भागा : १५३ भागिले ४२ म्हणजे साधारण ३.६. हे सडपातळ, वेगवान जहाज नव्हे; भरपूर माल आणि माणसं पोटात घेणारं रुंद जहाज. आलेख कागदावर बाजूने, वरून आणि समोरून असे तीन आराखडे काढताना हे पोट दिसलं पाहिजे.

आणि शिडाचं लाकूड? 'महुमदी'चं हे लाकूड डोलकाठीपेक्षाही २४ फूट लांब आहे. त्या काळच्या युरोपी जहाजांत आडवी काठी आणि चौकोनी शीड असे. तिथे काठी इतकी लांब नसते. अरबी समुद्रातल्या तिरक्या शिडाच्या जहाजांत मात्र शिडाचं लाकूड डोलकाठीहून लांब असणं नेहमीचं आहे. म्हणून हा आकडा तिरक्या शिडाकडे बोट दाखवतो. पण लक्षात ठेवा, बोट दाखवतो, शपथ घेत नाही. शिवाय हे माप 'रहीमी'चं नाही, शेजारच्या जहाजाचं आहे. असा पुरावा कसा वापरायचा, हाच या कामातला खरा प्रश्न आहे.

वहीत तीन रकाने

आमची सूचना साधी आहे. काम सुरू करण्यापूर्वी एक वही करा आणि पानावर तीन रकाने आखा : 'नोंदलेलं', 'ताडलेलं' आणि 'धरलेलं'.

'नोंदलेलं' या रकान्यात फक्त तेच, जे या जहाजाबद्दल पाहणाऱ्याने लिहिलं आहे. 'रहीमी'साठी ते चार आकडे, मालकीण, मार्ग, काळ.

'ताडलेलं' म्हणजे जवळच्या पुराव्यावरून काढलेलं. 'महुमदी'वरून डोलकाठीची उंची आणि तिरकं शीड. सोळाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या जहाजांत लोखंडी खिळ्यांचा वापर वाढत गेला, म्हणून फळ्या खिळ्यांनी जोडल्या असाव्यात, हेही इथेच. मुघल चित्रंही या रकान्यात येतात. अकबराच्या दरबारातल्या मिस्कीन या चित्रकाराचं म्हणून मानलं जाणारं नूह (अलै.) यांच्या नौकेचं चित्र, साधारण १५९० चं, आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मजले, माणसं, दोऱ्या यांची कल्पना त्यातून येते. पण दरबार समुद्रापासून दूर होता आणि चित्रकार गोदीतला सुतार नव्हता, हे विसरायचं नाही.

'धरलेलं' म्हणजे पुरावा नाही, पण मॉडेल उभं राहायला काहीतरी करावंच लागतं. कठड्याची जाळी, पाण्याच्या पिंपांची जागा, होडीचा आकार. हा रकाना जितका छोटा, तितकं मॉडेल चांगलं.

आपल्या वाचकांना ही पद्धत नवी वाटू नये. हदीसच्या अभ्यासात रिवायत कोणी कोणाकडून ऐकली, मधला दुवा तुटतो का, सांगणारा विश्वासू आहे का, हे शतकानुशतकं तपासलं गेलं आणि त्यावरून रिवायतीचा दर्जा ठरवला गेला. लाकडी जहाज आणि हदीस यांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण 'कुठून आलं?' हे आधी विचारायची जी सवय त्या इल्मने लावली, ती या छंदातही तंतोतंत उपयोगी पडते.

या सवयीची गरज आज जास्त आहे. एका बाजूला आपला इतिहास पुसून टाकणारे किंवा विद्रूप करून सांगणारे आहेत. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही त्याला फुगवून सांगतात : जहाजावर सोन्याचे घुमट, शंभर तोफा, संगमरवरी महाल. दोघांचाही परिणाम एकच होतो, खरं जहाज दिसेनासं होतं. आणि फुगवलेली एक गोष्ट खोटी ठरली की सोबतच्या दहा खऱ्या गोष्टींवरही लोक शंका घेतात. रंगाची नोंद नाही? मग लाकूड तसंच उघडं ठेवा. निशाणाची नोंद नाही? मग निशाण लावू नका. हे मॉडेल म्हणजे एक प्रकारची गवाही आहे. गवाही देणाऱ्याने पाहिलं नसेल ते सांगू नये.

आपल्याच जिल्ह्यातलं जहाज

चित्रावरून जहाज उभं करता येतं का, असं कोणी विचारेल. येतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. गंगापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. चित्र साधारण पाचव्या शतकातलं मानलं जातं. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, बाजूला सुकाणूची वल्ही, वर ठेवलेले घडे आणि नाकाडावर काढलेला डोळा, असं त्याचं रूप आहे.

या चित्राचा आधार घेऊन भारतीय नौदलाने एक खरं जहाज करून घेतलं, 'कौंडिण्य'. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली काम झालं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. लांबी सुमारे १९.६ मीटर, रुंदी साडेसहा मीटर. इंजिन नाही. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. २०२५ च्या डिसेंबर अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानच्या मस्कतला पोहोचलं.

यात मॉडेलचं काम काय? चित्रात फक्त एक बाजू दिसते. पाण्याखालचा भाग दिसत नाही, रुंदी दिसत नाही. म्हणून आधी आराखडा ताडून काढावा लागला, आणि जहाज पाण्यात कसं वागेल याची परीक्षा मद्रास आयआयटीने छोट्या मॉडेलवर घेतली. म्हणजे भिंतीवरचं चित्र आणि समुद्रावरचं जहाज यांच्यामधला पूल मॉडेलच होतं.

शिवलेल्या जहाजाची ही कला फक्त एका धर्माची किंवा एका किनाऱ्याची नाही. बाराव्या शतकात हजला निघालेला अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर याने लाल समुद्रातल्या बिनखिळ्याच्या, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या जहाजांचं वर्णन केलं आहे. १९८० साली टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवासलेखकाने ओमानच्या सूर गावात 'सोहार' नावाचं शिवलेलं जहाज बांधून चीनपर्यंत नेलं. त्याचं लाकूड आणि काथ्या आपल्या मलबार-लक्षद्वीपकडून गेला होता. कुरआनमध्ये सूरह अल-कमर (५४:१३) इथे नूह (अलै.) यांच्या नौकेचा उल्लेख फळ्या आणि 'दुसुर' यांनी बनलेली असा येतो. 'दुसुर'चा अर्थ बहुतेक ठिकाणी खिळे असा दिला जातो; पण अरबी शब्दकोशांत फळ्या बांधण्याची खजुराच्या काथ्याची दोरी असाही अर्थ दिलेला आहे. खिळा की दोरी, हा प्रश्न एवढा जुना आहे.

मराठीतही या समुद्राच्या खुणा आहेत. सुकाणू हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. मराठा आरमारातलं 'गुराब' हे अरबी 'गुराब', म्हणजे कावळा. नाखवा हा फारसी 'नाखुदा'. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या सरदारांत दौलतखान होते. शब्द आणि माणसं दोन्ही एकाच डेकवर होती.

हाताचं काम

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लाकूड महाग लागत नाही; फर्निचरच्या कारखान्यातले उरलेले तुकडे पुरतात. मात्र खरं जहाज सागाचं होतं म्हणून मॉडेलही सागाचंच करायचं, असं नाही. सागाच्या रेषा मोठ्या असतात. ९६ पटीने लहान केलेल्या जहाजावर त्या रेषा बेढब दिसतात. हळदू, म्हणजे हेदू, यासारखं बारीक पोताचं लाकूड बरं. जवळच्या सुतार मिस्त्रीला विचारलं तर तो पातळ पट्ट्या कापून देईल.

आधी तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडचा कणा कापायचा, म्हणजे जहाजाच्या तळातून पुढून मागपर्यंत जाणारा भाग. त्यावर आडव्या बरगड्या बसवायच्या. 'रहीमी'चं पोट याच बरगड्यांनी ठरतं, म्हणून त्या कागदावर तीनदा तपासून मगच कापा. दोन्ही बाजू सारख्या याव्यात यासाठी कागद मधोमध दुमडून कापायचा, अगदी शाळेत फुलपाखरू कापतो तसं.

मग फळ्या. एक मिलिमीटर जाडीच्या, तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. तीन मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर साधारण २९ सेंटिमीटरची फळी. पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि वाळल्यावर चिकटवायची. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एकाच बाजूच्या सगळ्या लावल्या तर कणा पिळतो आणि जहाज वाकडं होतं.

पितळी टाचण्या ठोकून खिळे दाखवायचा मोह होतो. टाळा. खऱ्या खिळ्याचं अडीच सेंटिमीटरचं डोकं या प्रमाणात पाव मिलिमीटर होतं, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं. टाचणीचं डोकं लावलं तर खऱ्या जहाजावर वाटीएवढा खिळा असल्यासारखं होतं.

दोऱ्यांसाठी सुती धागा घ्या, मेणावरून ओढा म्हणजे त्याचे केस बसतात. चमकणारा नायलॉन नको. काथ्याची दोरी पिवळट तपकिरी असते, तसाच रंग ठेवा. शिडासाठी जुन्या धोतराचं किंवा मलमलीच्या ओढणीचं पातळ कापड, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं, पांढऱ्या नव्या कापडापेक्षा खरं दिसतं.

कोणाला 'कौंडिण्य'सारखं शिवलेलं जहाज करायचं असेल तर एक फरक समजून घ्या. वर सांगितलेल्या पद्धतीत बरगड्या आधी आणि फळ्या नंतर. शिवलेल्या जहाजात उलटं असतं : फळीला फळी शिवत आधी बाहेरचं कवच उभं राहतं आणि बरगड्या नंतर आत बसवतात. हा क्रम उलटा केला तर बाहेरून जहाज बरोबर दिसेल, पण ते ज्या कलेने बनलं ती कलाच मॉडेलमधून गायब होईल. शिवण दाखवायला मोठं प्रमाण लागतं. १:१० ला अख्खं 'कौंडिण्य' जवळजवळ दोन मीटरचं होईल, घरात मावणार नाही. त्यापेक्षा मधला एक हातभर तुकडा त्या प्रमाणात करा. तीन-चार फळ्या, भोकं, काथ्या, आतून बरगडी. शाळेच्या प्रदर्शनात असा तुकडा अख्ख्या जहाजापेक्षा जास्त शिकवतो.

अजिंठ्याला जायचं असेल तर वही सोबत न्या. आत उजेड कमी असतो आणि फ्लॅश वापरायला बंदी आहे. मुलांना फोटो काढायला लावण्यापेक्षा पाच मिनिटं शांत उभं राहून चित्र बघायला आणि पेन्सिलने काढायला सांगा. काय दिसलं आणि काय दिसलं असं वाटलं, हे तिथेच वेगवेगळं लिहायला लावा.

पाटीवर काय लिहावं?

मॉडेल पूर्ण झालं की त्याखाली पाटी लावतात. बहुतेक लोक फक्त नाव लिहितात. आमची विनंती आहे की पाटीवर चार ओळी असाव्यात. पहिल्या ओळीत जहाजाचं नाव, काळ आणि प्रमाण. दुसरीत नोंदलेलं काय. तिसरीत ताडलेलं काय आणि कशावरून. चौथीत धरलेलं काय.

'रहीमी'साठी ती पाटी अशी होईल : रहीमी, मरियम-उझ्-झमानी यांचं जहाज, १६१२ च्या सुमारास, १:९६. लांबी, रुंदी, खोली आणि मागचा उतार सॅरिसच्या नोंदीप्रमाणे. डोलकाठी आणि तिरकं शीड 'महुमदी'च्या मापांवरून ताडलेलं. डेकवरची खोली, कठडे आणि छोटी होडी कल्पनेने.

या पाटीमुळे मॉडेलची किंमत कमी होत नाही, वाढते. पाहायला आलेला पाहुणा, शेजारचा मित्र, शाळेतले गुरुजी, कोणत्याही धर्माचा माणूस असो, तो विचारेल, 'हे खरंच असं होतं का?' तेव्हा घरातला बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी न अडखळता सांगू शकेल : एवढं खरं आहे, एवढं आम्ही ताडलं, एवढं आमच्या मनाचं.

'रहीमी'वरून किती हाजी गेले, त्यांची नावं काय, त्यातले किती परत आले, याची यादी कोणाकडे नाही. ज्यांनी त्यांना अडवलं, त्यांच्या वहीत फक्त चार आकडे उरले. ते आकडे आता आपल्या वहीत उतरवायचे आणि त्यांवरून फळी कापायला घ्यायची.